काकांच्या टेबलाची मांडणी

९ जानेवारी १९५७, सकाळी दहा वाजून वीस मिनिटे. वेळ मला नेमकी माहीत आहे, कारण त्या क्षणी मी प्रयोगशाळेत तापमापकावरचा आकडा वहीत उतरवत होते आणि शेजारच्या रकान्यात वेळ लिहून झाली होती. तापमान लिहायचे राहिले. कॉलेजचा शिपाई दारात येऊन म्हणाला, "बाई, पार्ल्याहून डॉक्टरांचा फोन आलाय. आत्ताच्या आत्ता या म्हणतात." आमच्या घरी फोन नाही. खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांकडे आहे, आणि फारच निकड असल्याखेरीज आमच्यासाठी तो कोणी वापरत नाही. डॉक्टरांनी दोन वाक्यांत सांगितले. विष्णुकाका नेहमीप्रमाणे कचेरीला निघाले, स्टेशनकडच्या वळणावर अर्धा रस्ता ओलांडून झाल्यावर विटांच्या ट्रकखाली आले, आणि इस्पितळात पोचण्यापूर्वीच गेले. मी एकच प्रश्न विचारला. "ट्रक कोणत्या बाजूनं आला?" असा प्रश्न अशा वेळी कोणी विचारत नाही, हे मलाही समजत होते. "डावीकडून," ते म्हणाले.

या गोष्टीला आता सहा आठवडे होतील. काकांविषयी लिहा, असे त्यांच्या स्नेह्यांनी सुचवले तेव्हा मी प्रथम नकार दिला. त्यांच्या हातच्या कलेविषयी, स्वभावातल्या गोडव्याविषयी लिहिणारे माझ्यापेक्षा अधिक योग्य लोक आहेत. परंतु त्यांच्या टेबलाविषयी जे मला ठाऊक आहे, ते दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हते. ते न लिहिता त्यांच्याविषयी काहीही लिहिणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

काका माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. फोर्टातल्या एका कचेरीत ते नकाशे काढण्याचे काम करत. माझे आईवडील रत्नागिरीजवळ असतात. इंटरला आले तेव्हापासून मी पार्ल्याला काका-काकूंच्या दोन खोल्यांत राहते आहे. त्यांना मूलबाळ नव्हते. मागची गॅलरी काकांनी फळ्या ठोकून बंद करून घेतली होती, आणि तिथे एका जुन्या दाराच्या फळीचे टेबल मांडून ते छोट्या आगबोटी बांधत. मी आले तेव्हा दोन पुऱ्या होऊन कपाटावर गेल्या होत्या आणि तिसरीचा कणा टेबलावर होता. लहानपणी ज्या आगबोटीतून ते प्रथम मुंबईला उतरले तिची ही प्रतिकृती, एका इंचाला आठ फूट या मापाने. शिवणीच्या लाकडाचा सांगाडा, सिगारच्या पेट्यांच्या पातळ फळ्यांचा डेक, पितळी तारेचे कठडे. पण पाहणाऱ्याचे लक्ष बोटीआधी टेबलाकडेच जाई. भिंतीवरच्या फळीवर प्रत्येक हत्याराची आकृती पेन्सिलीने काढलेली, आणि त्या आकृतीवर तेच हत्यार टांगलेले. टेबलाच्या डाव्या कडेला तीन कानशी, जाडीच्या क्रमाने. उजव्या कडेला चिमटे, मुठी आपल्याकडे. खिळे, स्क्रू आणि मणी औषधाच्या बाटल्यांत, सगळ्या बाटल्या एका रांगेत. मधली फळी मात्र पूर्ण मोकळी. तिथे ज्या तुकड्यावर काम चालू असेल तो एकच तुकडा. काम संपले की ते दाढीच्या जुन्या ब्रशाने लाकडाचा भुसा एका पत्र्याच्या डब्यात लोटत, हत्यारे मोजत आणि मगच उठत. "टेबल न आवरता उठलो तर मी उठलोच नाही असं समज," असे ते मला सांगत. काकूंना याचा राग येई. "माझ्या फडताळात जिऱ्याच्या डब्यात मोहरी निघते, आणि ह्यांच्या खिळ्यांना नावगाव आहे," असे त्या येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. काका हसून म्हणत, "तुझं फडताळ लावून देऊ का?" त्यावर काकू, "हात तर लावून बघा."

पंचावन्न सालच्या दिवाळीच्या सुटीत मी त्या टेबलाला हात लावला. त्या वर्षी कारखान्यांतल्या कामाच्या पद्धतींवरचा एक लेख माझ्या वाचनात आला होता, आणि जे वाचले ते तपासून पाहण्याची मला घाई होती. दोन रविवार मी काकांच्या मागे स्टुलावर बसून नोंदी घेतल्या... कोणते हत्यार किती वेळा उचलले, हात किती इंच लांब गेला. काकांची मांडणी दिसायला सुंदर, पण कार्यक्षम नव्हती. सर्वांत अधिक लागणारी धारदार पाती सर्वांत दूर होती, आणि क्वचित लागणारा मोठा चिमटा हाताशी. पाडव्याच्या सकाळी काका अभ्यंगस्नानाला गेले असता मी सगळे हलवले. वापराच्या प्रमाणात नवी मांडणी केली, बाटल्यांना स्वच्छ अक्षरात चिठ्ठ्या लावल्या आणि काकांना हाताला धरून गॅलरीत आणले. त्यांनी ते पाहिले, म्हणजे पाहिले असे मला वाटले. "झकास," ते म्हणाले, खुर्चीवर बसले, आणि डेकची एक पट्टी समोर घेऊन मोठ्या चिमट्यासाठी उजवा हात नेहमीच्या जागी नेला. तिथे आता पाते होते.

जखम खोल होती. रक्त डेकवर सांडले आणि फळ्यांच्या फटींत उतरले. मी फडके बांधत होते, पण माझे लक्ष दुसरीकडे होते. पाते हातापासून वीतभर अंतरावर, उजेडात, उघडे पडले होते. ज्याला दिसते असा माणूस ते उचलणार नाही. फडक्याला गाठ मारून झाल्यावर मी कोटाचे एक पांढरे बटण उचलले, त्यांच्या कानाजवळून हळूहळू पुढे आणले आणि विचारले, "काका, माझ्या हातात काय आहे?" ते समोर पाहत राहिले. "कुठल्या हातात?" बटण त्यांच्या गालाच्याही पुढे आले होते. मग त्यांनी अगदी शांतपणे म्हटले, "शालिनी, दार लावून घे."

काचबिंदू. शहरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी वर्षापूर्वीच निदान केले होते. थेंब चालू होते, ते काका कचेरीच्या खणात ठेवत. समोरचे त्यांना केसाएवढेही स्पष्ट दिसे, म्हणून नकाशे बिनचूक निघत. कडेचे मात्र दर महिन्याला थोडे थोडे मिटत चालले होते, डावीकडचे अधिक. मांडणीची शिस्त त्यांना पूर्वीपासूनच होती, पण आता ती शिस्त राहिली नव्हती. न पाहता हात जिथे जाईल तिथे वस्तू असलीच पाहिजे, एवढाच तिचा अर्थ उरला होता. मी इंचांत मोजलेली सगळी कार्यक्षमता एका डोळस माणसासाठी होती.

"काकूला सांगायला हवं," मी म्हणाले.

"आणि मग? ती मला हाताला धरून स्टेशनावर सोडायला येईल. कचेरीत कळलं की साहेब गोड बोलून घरी बसवेल. नकाशेवाल्याचे डोळे गेले म्हटल्यावर दुसरं काय करणार तो? सत्तावनच्या मार्चअखेर मी निवृत्त होतोय गं. मला माझ्या पायांनी जिना उतरायचाय."

"आणि रस्त्यात काही झालं तर?"

बांधलेल्या हाताने काका कानशी पुन्हा जुन्या क्रमाने लावू लागले होते. तिसरी लावून म्हणाले, "तू मोजणारी आहेस ना? मग मोज. वीस अंश. डावीकडचं दिसणं वीसच्या खाली आलं, त्या दिवशी मी आधी तुझ्या काकूकडे जाईन, दुसऱ्या दिवशी साहेबाकडे. आकडा तू सांगायचास. मी दुसऱ्यांदा विचारणार नाही."

हा करार मी स्वीकारला. तो चुकीचा होता, असे आज कोणी म्हणेल. मला तो तेव्हा न्याय्य वाटला. त्यात एक मर्यादा होती आणि ती मोजता येण्याजोगी होती. टेबल मी त्याच दिवशी पूर्ववत केले, पेन्सिलीच्या आकृत्यांवरून, एकेक वस्तू. मग प्लायवूडचा अर्धवर्तुळाकार पट्टा कापला, त्यावर अंशांच्या रेघा आखल्या, मध्यावर खिळा ठोकला. काका हनुवटी ठोकळ्यावर टेकवून खिळ्याकडे पाहत, आणि मी विणायच्या सुईच्या टोकाला लावलेला पांढरा मणी डाव्या कडेने आत सरकवत आणी. दिसला की ते "हं" म्हणत. पाच वेळा मोजायचे आणि सरासरी घ्यायची. महिन्यातून एका रविवारी, काकू भजनाला गेल्या की आम्ही हे करत असू. पहिला आकडा सेहेचाळीस होता. छप्पनच्या शिमग्याला एकोणचाळीस. गौरी-गणपतीत एकतीस. रक्ताचा डाग पडलेल्या पट्ट्या काकांनी काढून नव्या बसवल्या होत्या, आणि बोट भराभर पुढे चालली होती. जणू दोघांत शर्यत लागली होती, कठडे वर चढत होते आणि अंश खाली उतरत होते. दिवाळीला सव्वीस. त्यानंतर मला घरात नीट झोप येईना. काका दारातून बाहेर पडले की मी पुढच्या खिडकीतून वळणापर्यंत त्यांच्याकडे पाही. "मान पूर्ण वळवा, खांद्यापर्यंत," असे त्यांना बजावी. ते म्हणत, "घुबडासारखी?" मी म्हणे, "हो, घुबडासारखी." एकदा काकूंनी हे ऐकले. "काय चाललंय हो तुम्हां दोघांचं?" त्यांनी विचारले. काका म्हणाले, "व्यायाम."

सहा जानेवारीचा रविवार. काकू शेजारणीकडे संक्रांतीचे तीळ निवडायला गेल्या होत्या. मला मंगळवारी परदेशातल्या संशोधनाच्या शिष्यवृत्तीसाठी मुलाखतीला जायचे होते; दोन वर्षे मी त्या एका तारखेसाठी राबले होते. काका ठोकळ्यावर हनुवटी टेकवून बसले. मी पाच वेळा मोजले. पाचही आकडे वीसच्या खाली होते. आणखी तीनदा मोजले. तेही. मी सरासरी काढली आणि वहीत लिहिली, कारण वहीत खोटे लिहिण्याची मला सवय नाही. काका वाट पाहत होते. त्यांनी मान वळवली नाही, खिळ्याकडेच पाहत राहिले. त्या दिवशी आकडा सांगितला असता तर संध्याकाळी घरात काय झाले असते ते मला स्पष्ट दिसत होते: काकूंचे रडणे, वडिलांना तार, आणि तू वर्षभर लपवलेस हा माझ्यावरचा योग्य आरोप. त्या सगळ्यातून मंगळवारी उठून मी मुलाखतीला जाऊ शकले नसते. बुधवारी सांगू, असे मी ठरवले. तीन दिवसांनी काय फरक पडतो, असे गणित मी मनाशी केले.

"बावीस," मी म्हणाले.

काका सरळ बसले. करार असल्यामुळे त्यांनी दुसऱ्यांदा विचारले नाही. "म्हणजे अजून चालेल," एवढेच म्हणाले, आणि डोलकाठीच्या दोऱ्या ओवायला घेतल्या. मुलाखत चांगली झाली. मंगळवारी घरी आले तेव्हा काकांनी कचेरीतून येताना माझ्यासाठी पेढे आणले होते. निकाल लागण्याआधी पेढे कसले, म्हणून काकू त्यांच्यावर रागावल्या. मी त्या वेळीही बोलले नाही. सकाळी, ते दाढी करत असतील तेव्हा सांगू... सकाळी मला प्रयोगशाळेत लवकर पोचायचे होते.

वळणावरच्या वाण्याने नंतर मला सांगितले, "साहेब बघूनच उतरले हो. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. पण तिकडं थोडंसंच." बावीस अंश शिल्लक आहेत असे समजणारा माणूस जेवढी मान वळवील, तेवढी त्यांनी वळवली असेल की नाही, हे मला कोणत्याही साधनाने काढता येणार नाही. याचे उत्तर न मिळताच मला राहायचे आहे.

तेराव्यानंतर मी काकूंना सगळे सांगितले. त्या गॅलरीतच होत्या. काका गेल्यापासून रोज सकाळी त्या ते टेबल झाडतात. ज्या टेबलाकडे वर्षानुवर्षे त्यांनी फक्त नाक मुरडले, त्याच्यावरचा भुसा आता नसूनही त्याच दाढीच्या ब्रशाने लोटतात. मला वाटले होते त्या मला घराबाहेर काढतील. त्यांनी कानशींवरून एकदा ब्रश फिरवला. मग म्हणाल्या, "पाण्याचा तांब्या ह्यांच्या डाव्या हाताशी ठेवायचे मी. तरी विचारायचे, पाणी कुठंय म्हणून. मी म्हणायचे, डोळे फुटलेत का... रोज म्हणायचे गं." त्यांचा आवाज चढला नाही. त्यांनी एक चिमटा उचलला, उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, "हा कुठं जातो?" मी दाखवले. त्यांनी तो तिथे ठेवला, मूठ आपल्याकडे करून. मग पुढचा. असे करत त्या टेबलाच्या टोकाशी पोचल्या, तेव्हा माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "बावीस सांगितलंस. होता किती?"

"वहीत आहे."

"वाच."

मी वही आणली. शेवटच्या ओळीवर तारीख होती, वेळ होती, आठ मापे होती आणि त्यांची सरासरी. ते पान मी सहा जानेवारीनंतर उघडले नव्हते. काकू ब्रश हातात धरून उभ्या होत्या. मी वाचून दाखवले.

सतरा अंश.