आभाळासाठी कायदा मागणाऱ्या अक्का

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी धुळ्याच्या कोर्टातून बाहेर पडत होते. जळगावहून त्यांचा भाचा विनय बोलत होता. “आत्या गेली,” एवढंच म्हणाला. ज्यांच्या हाताखाली मी वकिली शिकले त्या कुसुमअक्का, लग्न न करता जळगावच्या मेहरूण भागातल्या छोट्या घरात एकट्या राहिलेल्या, इतक्या शांतपणे जातील असं वाटलं नव्हतं. आयुष्यभर त्या कशाला ना कशाला हरकत घेत आल्या होत्या.

जमिनीचे दावे लढवणाऱ्या अक्का आभाळाकडे वळल्या त्या चोपड्याच्या मधुकरभाऊंमुळे. त्यांच्या केळीच्या बागेत एका सकाळी काळवंडलेला, भलामोठा धातूचा गोळा येऊन पडला. चार-दोन केळी मोडल्या, माणसांना काही झालं नाही. आम्ही पाहायला गेलो तेव्हा मधुकरभाऊंनी विचारलं, “अक्का, हाई वरतून पडनं. पन कोनं शे? तक्रार कोनावर करानी?” कोर्टात कधी न अडखळलेल्या अक्का तिथे अडखळल्या. रॉकेटचा तुकडा असावा, म्हणत पोलिसांनी गोळा नेला. तो कोणाचा, हे मधुकरभाऊंना आजवर कळलेलं नाही.

अक्कांनी मात्र पिच्छा सोडला नाही. वाचत गेल्या, आम्हा ज्युनियरांनाही वाचायला लावलं. अवकाशात सोडलेल्या वस्तूची जबाबदारी ती सोडणाऱ्या देशावर असते, हे आंतरराष्ट्रीय करारात आहे. पण आता खासगी कंपन्याही उपग्रह पाठवतात. त्यांना परवाना कोणत्या अटींवर द्यायचा, विमा कुणी उतरवायचा, काम संपलेला उपग्रह खाली कुणी आणायचा, हे त्या त्या देशाच्या कायद्यात नसेल तर जबाबदारी नुसती कागदावर राहते. आणि वरचा कचरा एकमेकांवर आदळत वाढला, तर पुढच्या पिढ्यांना उपग्रह सोडायला सुरक्षित जागाच उरणार नाही. आपल्याकडे धोरण आहे, संसदेने केलेला कायदा अजून नाही, ही खंत त्यांच्या प्रत्येक व्याख्यानात यायची. ऐकणारे हसायचे. जळगावात बसून अवकाशाची काळजी!

यातूनच विनयशी बिनसलं. तो पुण्यात छोटे उपग्रह बनवणाऱ्या कंपनीत भागीदार. येऊ घातलेल्या कायद्यात लहान कंपन्यांना उपग्रह खाली आणण्याच्या अटीतून सूट मिळावी, असं सरकारला द्यायचं निवेदन आत्याने लिहून द्यावं म्हणून तो आला होता. अक्कांनी साफ नकार दिला.

“विनू, ठिबकच्या फाटक्या नळ्या शेतात तशाच ठेवून कुणी पुढची लागवड करतं का?”

“आत्या, आकाश म्हणजे काय शेत आहे?”

“शेतच. सामाईक. म्हणून तर नियम आधी हवेत.”

“तुझ्या नियमांनी आमची कंपनी उभीच राहणार नाही!” तो चहा न घेता उठला. नंतर किती दिवाळ्या तो फिरकला नाही. अक्का त्याचं नाव काढत नसत, पण पुण्याच्या गाडीची वेळ झाली की दाराकडे बघत.

त्या आजारी पडल्या तेव्हा तो आला. मी तिथेच होते. पलंगाशी बसून हळूच म्हणाला, “नव्या उपग्रहात खाली यायला लागणारं इंधन राखून ठेवलंय आम्ही. कुणी सांगितलं नव्हतं, तरी.” अक्कांनी त्याचा हात धरला. डोळे भरून आले होते, पण बोलल्या त्या वकिलासारख्याच. “छान केलंस. पण तू चांगला आहेस म्हणून आभाळ वाचणार नाही रे... उद्या येणारा तुझ्यासारखा नसेल. कायदा त्याच्यासाठी हवा.” विनय हसला आणि मग तसाच, हात न सोडता रडला.

दिवसकार्य झाल्यावर आम्ही दोघं त्यांची खोली आवरायला गेलो. पुस्तकं त्यांनी आधीच कॉलेजला देऊन टाकली होती. अशिलांचे कागद परत केले होते. कपाटात दोन पातळं, खिडकीत पालथा घातलेला पेला. आवरायला काही उरलंच नव्हतं. “मागे काहीच टाकून गेली नाही आत्या,” विनय म्हणाला. मग त्याने खिडकी लावली आणि आम्ही बाहेर आलो.