पियानोला भाता नसतो

२००९ साल. मी त्रेसष्ट वर्षांचा. शाळा चौथीपर्यंत झालेली, पण बिरसीजवळच्या आमच्या गावात दिवाळीनंतरच्या मंडईच्या, म्हणजे जत्रेच्या, नाटकाला पायपेटी वाजवायची तर मीच. त्या साली उंदरांनी पेटीचा भाता कुरतडला. नाटक मंडळाचा सेक्रेटरी माझाच पुतण्या. म्हणाला, "मोठेबाबा, यंदा कीबोर्डवाला आणून राहिलो. तुम्ही खुर्चीवर बसून नाटक पाहा."

मला खुर्चीवर बसवतो!

"पेटी काय घेऊन बसला बे, मी पियानोबी वाजवतो," मी म्हणालो. पियानो कधी जवळून पाहिलेला नव्हता. पण बोललो ते बोललो.

बिरसीच्या विमानतळावर पोरांना विमान चालवायला शिकवणाऱ्या बाईंचे वडील मुंबईहून राहायला आले होते. जन्मभर सिनेमाच्या गाण्यांत पियानो वाजवलेला माणूस. पियानोही सोबत आणला होता. पुतण्याने मला गाडीवर बसवून थेट तिथेच नेले.

काळा, जुना, आखूड शेपटीचा पियानो. अर्धी खोली त्यानेच खाल्लेली. झाकणावर सिगारेटचा डाग. "एका संगीतकाराची आठवण," ते हसले. "बसा."

खाली पाय ठेवायच्या दांड्या दिसल्या अन् जीव भांड्यात पडला. सवयीने दोन्ही पायांनी भाता मारत नांदी धरली. सूर एकमेकांत असे घुसले, जसा बैलबाजार.

"झालं!" पुतण्या म्हणाला.

"दादा, पाय काढा. याला हवा लागत नाही. आत तारा आहेत, दांडी दाबली की वाजतच राहतात," ते म्हणाले.

मग दोन्ही पाय वर घेतले, स्टुलावर मांडी ठोकली अन् तीच नांदी पुन्हा वाजवली. आता कशी स्वच्छ निघाली! ते येऊन स्टुलाच्या कोपऱ्यावर टेकले अन् खालचे सूर देऊ लागले. पुतण्याची मान डोलायला लागली ती मी तिरप्या डोळ्याने पाहिली.

"नाटकात वाजवणारा लोकांना दिसतो?" त्यांनी विचारले.

"म्हणजे काय! रंगमंचासमोरच बसतो. नट पहिले पेटीच्याच पाया पडते."

"माझी गाणी सगळ्यांनी ऐकली, मला कोणी पाहिलं नाही. मंडईला येऊ?"

"या ना. पण पेटी मी वाजवीन."

ते खोली हलेल असे हसले. "मी बाजूला बसेन."

परतताना पुतण्या हळूच म्हणाला, "मोठेबाबा, भाता दुरुस्त होते का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी सायकलची जुनी ट्यूब कापून भात्याला चिकटवली, पाय मारला अन् नांदी वाजवली. सूर पुतण्याच्या घरापर्यंत जावा म्हणून दार सताड उघडे ठेवले.