शंभर मीटरचा रकाना

आमच्या शाळेत त्यांना सगळे शिट्टीसर म्हणत. त्यांची शिट्टी मात्र कित्येक वर्षांत कुणी ऐकली नव्हती. खेळाचा तास वेळापत्रकात होता, नाही असं नाही. पण सोमवारचा गणिताला जायचा आणि बुधवारचा भौतिकशास्त्राला. "सर, आजचा तास घेऊ ना?" असं गणिताच्या बाई तोंडदेखलं विचारायच्या आणि उत्तर यायच्या आत वर्गात शिरायच्या.

कॉलेजप्रवेशाच्या फॉर्मवर मात्र 'सर्वांगीण विकास' असा रकाना होता, त्याला धावण्याच्या वेळेवरून दहा गुण. म्हणून वर्षअखेरीला सर ऑफिसात माझ्या क्लार्कच्या टेबलापाशी रजिस्टर घेऊन बसायचे. मी नावं वाचायची, त्यांनी शंभर मीटरची वेळ सांगायची. उंच मुलगा असेल तर पंधरा सेकंद, गुबगुबीत असेल तर अठरा. दीडशे मुलं आम्ही दोन चहांत पळवायचो. यालाच कागदी घोडे नाचवणं म्हणतात, फक्त आमचे घोडे दशांशात धावायचे. सुरुवातीला मला लाज वाटायची. पुढे काहीच वाटेनासं झालं. सरांचंही तसंच असावं.

त्यांच्या निवृत्तीच्या वर्षी आम्ही एक घोळ घातला. पाय मोडून तीन महिने प्लास्टरमध्ये असलेल्या मुलीला सोळा पॉइंट चार सेकंदांत पळवलं. तिची आई तणतणत ऑफिसात आली. म्हटलं, फुटलं आता आमचं बिंग.

"सोळा पॉइंट चार? आणि तिच्या मैत्रिणीला पंधरा पॉइंट नऊ?"

"ताई, तिचा पाय तेव्हा प्लास्टरमध्ये होता," सर म्हणाले.

"ते फॉर्मवर कुठे दिसतंय? अर्ध्या गुणाने प्रवेश हुकतात, सर!"

मी हसू दाबलं. सर हसले नाहीत. त्यांनी रजिस्टर मिटलं.

"पंधरा पॉइंट नऊ लिहायला माझं काय जातंय? पण आता पाय बरा आहे ना? मग उद्या पळू दे तिला. येईल ते लिहितो. जाता जाता एक तरी आकडा खरा लिहू द्या मला."

इतक्या वर्षांत सरांनी कुणाकडे काही मागितलेलं मी पाहिलं नव्हतं. आईने घड्याळ पाहिलं. "साडेचारला क्लास आहे तिचा. चारला आणते."

दुसऱ्या दिवशी सरांनी मैदानावर चुन्याच्या दोन रेषा मारल्या. स्टॉपवॉच घेऊन ते शेवटच्या रेषेवर उभे राहिले. रुमाल खाली टाकायला मी या टोकाला. मुलगी दप्तरासकट रेषेवर येऊन उभी राहिली. मी दप्तर काढून घेतलं.

"किती सेकंदांत पळायचंय?" तिने विचारलं.

"तुला जमेल तेवढ्या."

तिला ते कळलं नसावं. तरी रुमाल पडताच ती निघाली. आधी मोडलेला पाय जपत, मग न जपता. रेषा ओलांडली तरी थांबेना, थेट कुंपणाच्या भिंतीला हात लावूनच थांबली. हसत होती. या मुलीला मी चार वर्षं फी भरताना, सह्या घेताना पाहत होते, पण हसताना आज पाहिलं.

मी सरांपाशी पोचले तेव्हा ते स्टॉपवॉचचं बटण पुन्हा पुन्हा दाबत होते. काचेत काहीच उमटत नव्हतं. सेल कधीचा संपला होता कोण जाणे.

"सर, किती?" ती धापा टाकत आली.

सरांनी मूठ मिटली. "पंधरा पॉइंट नऊ."

"खरंच?"

दरवर्षी दीडशे मुलं, पण हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता.

"खरंच," सर म्हणाले.

ती हरखली. पुन्हा पळू का, म्हणत होती. पण आईने हाक मारली आणि दोघी क्लासला गेल्या.

ऑफिसात येऊन सरांनी तो आकडा स्वतःच्या हाताने लिहिला आणि टोपण लावून पेन खिशाला अडकवलं.

"चांगली पळाली, नाही?"

"हो, सर."

"खरे सेकंद किती असतील हो, बाई?"