साठाच्या पुढची थरथर

आमच्या सात पिढ्यांत पहिला बी.एस्सी. झालेला मी. त्यामुळे मामांची गाडी का थरथरते हे शोधायचं काम आपसूक माझ्याकडे आलं. आधीच्या सहा पिढ्यांनी हातमागावर लुगडी विणली. त्यांच्याकडून मोटारीबद्दल काही अपेक्षा ठेवणं बरोबर नव्हतं.

मामांचं गांधीबागेच्या बाजारात कापडाचं दुकान. त्यांनी सेकंडहँड गाडी घेतली, पण त्यांना ती चालवता येईना. "तू शिकलेला आहेस, तूच सांभाळ," म्हणत किल्ली माझ्या हातात दिली. मी ती इतकी सांभाळली की रोज सकाळी तिच्या चकचकीत पत्र्यात तोंड पाहून भांग पाडायचो. (मधे एकदा ब्रेक तपासायला म्हणून मी गाडी नरखेडकडे नेली होती. त्याचा इथे काही संबंध नाही.)

चार दिवसांवर माझ्या धाकट्या बहिणीचं, कुंदाचं, लग्न आलं होतं आणि तिची पाठवणी याच गाडीतून उमरेडला व्हायची होती. तिनं हे गल्लीतल्या सगळ्या मैत्रिणींना सांगून ठेवलं होतं. ज्या राहिल्या त्यांच्या घरी मुद्दाम विरजण मागायला जाऊन सांगितलं.

म्हणून घरच्यांना एक चक्कर मारायला उमरेड रोडवर नेलं, आणि काटा साठावर गेला तशी गाडीला हुडहुडी भरली! स्टिअरिंग हातात नाचायला लागलं, आरशात मागच्या एका ट्रकचे तीन दिसू लागले, मागे बसलेल्यांचे दात वाजले. पन्नासवर आणली की पुन्हा गरीब गाय. घरी आल्यावर बाबांनी टोपी सारखी केली.

"हालत्या गाडीत मी पोरगी पाठवत नाही. परवापर्यंत ठीक झाली तं झाली. नाही तं एस्टी आहे."

कुंदा रडली नाही. फक्त माझ्याकडे पाहिलं. रडली असती तर परवडलं असतं.

थोड्या वेळानं ती हळूच म्हणाली, "दादा, पन्नासनंच चालव नं गा."

ते बाबांनी ऐकलं. "आज साठाले हालते, उद्या चाळिसाले हालन," ते म्हणाले आणि विषय मिटला.

मामा एका मिस्त्रीचं नाव सांगू लागले. मी त्यांना थांबवलं. तीन वर्षं फिजिक्स काय मिस्त्रीला विचारायला शिकलो होतो?

दुसऱ्या दिवशी वही घेऊन प्रयोग सुरू केले. गाडी पासष्टवर नेली आणि न्यूट्रल केली. इंजिन शांत झालं, थरथर तशीच. म्हणजे दोष इंजिनात नाही. वहीत लिहून खाली दोन रेघा ओढल्या. (माझ्या संपूर्ण तपासात एवढंच बरोबर निघालं.) मग मला वाटलं, वजनाचा तोल चुकतो आहे. गाडीत खरं वजन म्हणावं असे मामाच. कापडाच्या दोन गाठी एकावर एक ठेवल्यासारखे. त्यांना डावीकडे बसवलं. थरथर. उजवीकडे बसवलं. थरथर. मधे बसवलं, तर थरथर तीच, वर मामांचं कण्हणं. पाचव्यांदा ते जागा बदलायला उतरले तेव्हा रस्त्याकडेच्या चहावाल्यानं न विचारता त्यांना पाणी आणून दिलं. शेवटी दारंच ढिली असतील म्हणून चारही मी दुकानातल्या सुतळीनं बांधून टाकली. थरथर गेली नाही, पण घरी आल्यावर आम्हालाही बाहेर पडता येईना.

सुतळी सोडवायला माय आली. तिनं तीस वर्षं रहाटावर कांड्या भरल्या होत्या, म्हणजे विणायचं सूत छोट्या नळ्यांवर गुंडाळलं होतं. गाठ सोडवता सोडवता तिनं विचारलं, "हळू चालली की हालत नाही, जोरात चालली की हालते. असंच ना?"

"हो."

"मंग एकांगी भरलेल्या कांडीसारखं झालं. सूत एकाच बाजूले जास्त भरलं, की जोरात फिरवल्यावर अख्खा रहाट नाचते. तुझ्या चाकाले एका बाजूनं काही तरी लागून राहिलं असन."

मी तिला, ही मशीन आहे, रहाट नव्हे, इथपासून सुरुवात करून कंपनांचा सगळा धडा समजावून सांगितला. तिनं तो शेवटपर्यंत ऐकला.

"झालं? आता चाक उचल."

जॅक लावून पुढचं डावं चाक उचललं. मायनं ते हातानं फिरवलं, थांबलं तिथं खालच्या बाजूला कुंकवाचं बोट लावलं. पुन्हा फिरवलं. चाक थांबलं, जरा मागे आलं, कुंकू खाली. तिसऱ्यांदाही कुंकू खाली. इथे मला नरखेड आठवलं.

मामांनी चाकामागे हात घातला आणि भाकरीएवढं एक ढेकूळ उपटून काढलं. काळी माती, वाळून दगड झालेली. तिच्यात एक पान चिकटलेलं. मामांनी ते चुरगाळून हुंगलं.

"संत्र्याचं आहे," ते म्हणाले. "ब्रेक तपासाले तू झाडावर चढला होता का गा?"

मग सांगावंच लागलं. कॉलेजातल्या मित्राला गाडी दाखवायला मी थेट त्याच्या बगीच्यात शिरलो होतो. पंप चालू होता, वाफे भरलेले होते, चाकं निम्मी आत गेली. दोन बैलांनी ओढून काढलं. नंतर विहिरीवर गाडी अशी घासली की नव्यासारखी दिसू लागली. म्हणजे दिसते तेवढीच! चाकाच्या आतल्या बाजूला कोण पाहायला येतं?

मातीचा शेवटचा कण निघाल्यावर बाबा पाण्यानं भरलेला पेला हातात धरून गाडीत बसले. काटा पासष्टवर गेला. बाबा पेल्याकडे पाहत होते, मी रस्त्याकडे, कुंदा बाबांकडे. थेंब सांडला नाही. बाबांनी ते पाणी पिऊन टाकलं आणि म्हणाले, "पाठवतो."

पाठवणीच्या दिवशी मायच्या गळ्यात पडून कुंदा खूप रडली. उमरेड रोडला दिघोरीच्या पुढे गेल्यावर मात्र हसायला लागली, कारण माझ्या शेजारी बसलेल्या मामांनी नव्या जावयाला बैलांची गोष्ट सुरू केली होती. गाडी पासष्टवर लोण्यासारखी चालली होती. आत थरथरत होतं ते एकट्या मामांचं पोट.

जावई मॅट्रिक झालेले, स्वभावानं गरीब. त्यांनी सगळं आदरानं ऐकून घेतलं. मग पुढे वाकून मला विचारलं, "भाऊ, हे चिखलाचं बीएस्सीच्या कोणत्या वर्षाले असते?"