माळावरची लसूणघास

कंग्राळीत आमच्या शेजारचे भावकू अण्णा सकाळच्या पाळीला फौंड्रीत जातात आणि दुपारनंतर माळावर. तिथं त्यांची लसूणघास. एकदा पेरली की वरचेवर कापून जनावरांना घालायची ही वैरण, पण तिला पाणी लागतं. अण्णांना कमी पाण्यावर जगणारी हवी होती. म्हणून उन्हाळ्यात ते तिला मुद्दाम पाणी तोडत. बहुतेक झाडं वाळत; जी तग धरत, त्यांचंच बी धरून पुन्हा पेरायचं. अशी कितीतरी वर्षं गेली. ‘अण्णा वैरणीला उपास शिकवतोय’ म्हणून गाव हसे. त्यामुळे असेल, घरातही ते यावर फार बोलत नसत.

यंदा वळीव पडलाच नाही. मोजकीच झाडं हिरवी राहिली, त्यांना शेंगा धरल्या. खालच्या पिकून तपकिरी झाल्या, वरच्या व्हायच्या होत्या. तेवढ्यात बेंदूर आला.

सणादिवशी बैलापुढं वाळका कडबा टाकणं अण्णांच्या बायकोला, बाळाबाई काकूंना, पटेना. शिवाय फुलून गेलेली वैरण निबर होते, वेळेत कापावी, हे माहेरापासून ठाऊक. त्यांनी विळा घेऊन सगळी कापून आणली. अण्णा पाळीवरून आले तेव्हा शिंगं रंगवलेला पाखऱ्या शेवटची पेंडी खात होता.

मी पोळ्या द्यायला गेले होते. अण्णांचा चेहरा बघून काकू पेंडी ओढायला धावल्या. अण्णांनी त्यांचा हात धरला.

“ऱ्हाऊ दे गं. सणाचा घास काढून घेतीस व्हय त्याच्या तोंडातला?”

कापलेले बुडखे पुन्हा फुटले असते, पण थकलेली ती झाडं पुढचा उन्हाळा काढतीलच याचा भरवसा नव्हता. अण्णा बराच वेळ बैलाची पाठ चोळत राहिले. मग म्हणाले, “ह्याचं शेण उकिरड्यात टाकू नको. न्यारं ठेव.”

पिकलेलं बी टणक, बैलाच्या पोटातही सगळं पचत नाही. काकूंनी ते शेण पाटीनं माळावर नेऊन पातळ पसरलं. वाटेत गावातल्या भरमूनं टोकलंच, मळा सोडून माळाला खत कसलं घालता म्हणून.

“खत न्हाय रं,” काकू म्हणाल्या, “यंदा पाखऱ्यानं पेरणी केलीया.”

पाऊस लागल्यावर शेणातून तीन-तीन पानांची रोपं वर आली. विरळ, पण आली. काकूंनी भोवती बाभळीच्या फांद्या रोवल्या, आणि उन्हाळ्यात यातलं कुठलं राखायचं ते अण्णांना बसवून विचारून घेतलं.