बोर्बोरिग्मस आणि हिची म्हैस

मंडळी, घरी येऊन चहा झाला आणि लगेच लिहायला बसलोय.

सकाळी हिच्या पोटात गडबड, म्हणून राजारामपुरीत दवाखान्यात गेलतो. डॉक्टरांनी हिच्या पोटाला नळी लावली, शिकाऊ डॉक्टरीणबाईंना "बोर्बोरिग्मस" म्हणाले आणि दुसरा पेशंट बघायला गेले. डिक्शनरी वाचून इंग्रजी शिकलेला मी, पण हा शब्द कधी भेटला नव्हता. एवढं लांबलचक नाव म्हणजे आजारही तसलाच! विचारायची लाज वाटली. हिचा हात तेवढा धरला.

"अवो, माझ्यामागं म्हस इकू नगासा," ही हळूच म्हणाली.

डॉक्टर परतले, ते हिचं बोलणं ऐकून हसले. "आजी, पोट गुरगुरण्याचं इंग्रजी नाव ते! काल काय खाल्लं?"

"हरभऱ्याची उसळ."

ही खळखळून हसली. मी मात्र कागलला घरी पोचेपर्यंत तिचा हात सोडला नाही.

डॉक्टरांना अर्थ विचारायला तुम्हीही लाजता काय?