घंटा थांबेपर्यंत

विधानसभेच्या मागच्या दारावर उभ्या असणाऱ्या बाईंना सगळे कडीबाई म्हणायचे, आणि तोंडावर म्हणायचे. बाईंना त्याचं काही वाटत नसे. लोक आपल्याला काय म्हणतात याची फिकीर करायला लोकांबद्दल थोडी तरी माया असावी लागते, आणि ती त्यांच्याकडे औषधालाही नव्हती. आमदार येत, मंत्री येत, बाई दार उघडत, दार लावत. कुणी हसलं तर उलट हसायचं नाही. "मेल्यांना निवडणूक जवळ आली की हसू फुटतं," असं त्या घरी सांगायच्या.

काम दिसायला सोपं. एरवी त्या दारातून कुणीही ये-जा करावी. पण एखाद्या बिलावर सरळ डोकी मोजायची वेळ आली की इमारतभर घंटा सुरू व्हायची. मग कॅन्टीनमधले, व्हरांड्यातले, सोफ्यावर डुलक्या काढणारे, सगळे पळत सुटायचे. घंटा थांबली की बाईंनी कडी घालायची. आत असेल त्याचं मत, बाहेर राहिला तो राहिला. एकदा एक मंत्री बाहेरून दारावर बुक्क्या मारत होते आणि बाई ढिम्म हलल्या नाहीत. कडीबाई हे नाव तेव्हापासूनचं. दारावरच्या माणसाने आमदाराशी मताबद्दल अवाक्षर काढायचं नाही, हा दुसरा नियम. तो पाळायला बाईंना कधीच जड गेलं नव्हतं. त्या आमदारांशी हवापाण्याबद्दलही बोलत नसत.

अधिवेशन सुरू व्हायचं होतं त्या सकाळी मात्र बाई उठल्यापासून धुमसत होत्या. पहिला दिवस म्हणजे खरं तर आरामाचा. एक लांबलचक भाषण, गेलेल्यांना श्रद्धांजली, गळाभेटी, की दुपारी सभागृह रिकामं. या वेळी सरकारला भलतीच घाई होती. नियम बाजूला ठेवून घरांचं बिल त्याच दुपारी मताला टाकायचं ठरलं होतं. इमारतीतल्या निम्म्याहून जास्त मालकांनी बिल्डरला सही दिली की इमारत पाडायची, आणि उरलेल्यांनी मुकाट बाहेर पडायचं, असं ते बिल. नाही पडले तर पोलीस येऊन काढणार.

बाईंच्या इमारतीत निम्म्याहून जास्त सह्या कधीच झाल्या होत्या. त्या गोळा करत दारोदार फिरला होता त्यांचा सख्खा दीर. समोरच्याच दारात राहायचा. बाई कामावर निघाल्या तेव्हा तो जिन्यात उभा होता, इस्त्रीचा शर्ट घालून.

"वहिनी, आज बिल पास होतंय. आता तरी हट्ट सोडा."

"भावजी, बाजूला व्हा."

"मी काय शत्रू आहे का तुमचा? नवीन घर मिळेल, लिफ्ट मिळेल. तोवर बिल्डर आठव्या मजल्यावर खोली देतोय. फुकट."

"तुमच्या भावाला दिसत नाही, हे बिल्डरला सांगितलंत का?"

"दादाला इथे तरी कुठे दिसतं?"

बाईंचा हात उठला होता. तो जिन्याच्या कठड्यावर आदळला. "पुन्हा माझ्या दारात आलात तर पाय मोडून हातात देईन," एवढंच त्या बोलल्या आणि उतरल्या. खालच्या मजल्यावरच्या बाईने ते ऐकून दार किलकिलं केलं, तर तिलाही त्यांनी असं काही बघितलं की दार बंद झालं.

नवरा दुखण्यात आंधळा झाला त्याला बरीच वर्षं झाली होती. पण तुम्ही त्या घरात पाहुणे म्हणून गेलात तर तासभर तुमच्या लक्षात आलं नसतं. स्वयंपाक तोच करायचा. मिठाची बरणी कुठे, सांडशी कुठे, खिडकीतून वारा कुठल्या अंगाने येतो, सगळं त्याच्या हातापायांना पाठ. बाई थकून आल्या की गरम ताट वाढायचा आणि वर टोमणे मारायचा, "काय, आज कुणाला बाहेर ठेवलंत?" मधे एकदा पाइप फुटला म्हणून दोघं काही दिवस बाईंच्या बहिणीकडे राहिली होती. तिथे हाच माणूस स्टेशनवर कुणीतरी न्यायला येईल म्हणून बसावं तसा खुर्चीत बसून राहिला. संडासाला जायचं तरी हाका मारायच्या. जेवण तुटलं, बोलणं तुटलं. बाईंनी तेव्हाच कानाला खडा लावला होता, की याला या घरातून हलवायचं नाही. जगात दुसरं काही राहो न राहो.

म्हणून तर त्यांनी नियम मोडून आपल्या भागातल्या तरुण आमदाराला गाठलं होतं. आमदार सरकार पक्षाचाच. पण मागच्या रविवारी घरी आला, स्वयंपाकघरात बसला, नवऱ्याच्या हातची कॉफी प्यायला आणि त्याचा हात हातात धरून म्हणाला, "काका, माझं मत विरोधात पडणार. शब्द देतो." नवऱ्याचा जीव भांड्यात पडला. बाईंचा नाही. आमदार गेल्यावर त्या म्हणाल्या, "खुर्चीतून उठून उभा राहील तेव्हा खरं."

दुपारी चर्चा सुरू झाली. बाई दाराच्या काचेतून बघत होत्या. वर प्रेक्षकांच्या सज्जात बिल्डरलोक पाय पसरून बसले होते, सिनेमाला आल्यासारखे. सरकारचा एक जोडीदार पक्ष ऐनवेळी फुटला आणि विरोधकांनी मतविभागणी मागितली. सभागृहात एकदम कुजबुज वाढली. मामला अगदी काठावर आला होता.

घंटा सुरू झाली.

आमदार पळत आले. धापा टाकणारे, तोंड पुसणारे, एक तर चप्पल हातात घेऊन. बाईंची नजर एकालाच शोधत होती. तो आत नव्हता. व्हरांड्याच्या टोकाला पाण्याच्या कूलरपाशी तो उभा होता, फोन कानाला लावून. पण ओठ हलत नव्हते. त्याने बाईंकडे बघितलं आणि पाठ फिरवली.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे हा असा निसटणार. उद्या घरी येऊन सांगणार, काका, काय करू, तुमच्या मंडळींनीच कडी घातली हो. माझ्याच कडीने माझ्याच गळ्याला फास. बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा घंटा वाजत असताना दार सोडलं. तरातरा गेल्या आणि त्याचं कोपर धरलं.

"साहेब, घंटा वाजतेय."

"बाई, सोडा. तुम्हाला कळत नाहीये."

"सगळं कळतंय. माझ्या नवऱ्याचा हात धरून शब्द दिलात, आणि आता इथे कूलरपाशी लपता? लाज नाही वाटत?"

"अहो, ऐकून तर घ्या माझं…"

"आत जाऊन बोला."

तो कोवळा, बाई दणकट. ओढत दारापर्यंत आणला आणि पाठीत हात घालून आत लोटला. घंटा थांबली. बाईंनी कडी घातली. बरं वाटलं त्यांना. खूप दिवसांनी असं बरं वाटलं.

मग काचेतून बघितलं. आत त्याच्या पक्षाचा प्रतोद, म्हणजे कुणी कुठे उभं राहायचं हे सांगणारा माणूस, त्याच्याजवळच उभा होता. त्याने आमदाराच्या खांद्यावर हात ठेवला. अध्यक्षांनी बिलाच्या बाजूच्यांना उभं राहायला सांगितलं. सगळी बाकं उठली. आमदार बसून होता. खांद्यावरचा हात तसाच होता. मग तोही उठला, खाली मान घालून.

बिल एका मताने पास झालं. सज्जातून टाळ्या पडल्या, आणि टाळ्या वाजवायला बंदी आहे हे सांगायलाही कुणी गेलं नाही.

दार उघडल्यावर तो सगळ्यांच्या शेवटी बाहेर आला. चेहरा पांढराफटक.

"समसमान झालं असतं तर अध्यक्षांना आपलं मत बिलाविरुद्ध टाकावं लागलं असतं, पडलं असतं बिल," तो हळू म्हणाला. "तीच प्रथा आहे ना? त्यांच्या डोळ्यांसमोर विरोधात उभं राहायची माझी छाती नव्हती, बाई. बाहेर राहायची होती. तेवढंच करत होतो मी तुमच्यासाठी."

"मग सांगायचं तोंडाने."

"सांगतच होतो."

तो गेला. बाई दारावर उभ्या राहिल्या. कुणीतरी जाता जाता "काय कडीबाई" म्हणालं. त्यांना ते ऐकू आलं नाही.

जिन्यात दीर भेटला. काहीतरी बोलला. बाईंनी ना त्याला शिवी दिली, ना पाय मोडायची भाषा केली. तोच घाबरून बाजूला झाला.

नवरा ओट्यापाशी उभा होता. रेडिओ बंद केलेला.

"ऐकलं मी," तो म्हणाला. "एका मताने. कोण गं तो हरामखोर?"

बाई दारातच थांबल्या. खोटं बोलायचं सुचलं असतं तर त्या बोलल्याही असत्या.

"आपलाच आमदार. तो मुद्दाम बाहेर थांबला होता. मीच त्याला आत ढकलला."

नवऱ्याने गॅस बंद केला. पुसलेला ओटा फडक्याने पुन्हा पुसला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. बाईंना वाटलं ओरडेल. त्याने ओरडावं असंच त्यांना वाटत होतं.

"त्या आठव्या मजल्यावरच्या खोलीत," तो म्हणाला, "ओटा कुठल्या हाताला आहे?"

बाईंना ते ठाऊक नव्हतं. खोली एकदा बघून तरी या, म्हणून दीर चावी घेऊन दोनदा आला होता, आणि दोन्ही वेळा त्यांनी त्याला उंबऱ्यावरूनच हाकललं होतं.